बुरख्यातली बाई आणि आपली नजर : प्रदर्शन करायचं तर काय सांभाळायचं?

रंगारी_कसबा

नमस्कार मंडळी. पुण्यात एक छोटं प्रदर्शन करायचं घाटतंय. पंधरा-अठरा छायाचित्रं, दोन कापडी मांडण्या आणि जमल्यास ध्वनिमुद्रणं. विषय : बुरखा, नकाब, हिजाब घेणाऱ्या मुस्लीम बायकांबद्दलचे ठोकळेबाज समज. 'बिचारी', 'गप्प', 'सगळ्या सारख्याच', नाहीतर थेट 'काहीतरी लपवतेय'.

अडचण अशी की हे समज मोडायला निघालेलं काम पुष्कळदा तेच समज घट्ट करून ठेवतं. म्हणून 'छान विषय, शुभेच्छा' छापाचे प्रतिसाद नकोत. कॅमेरा, कापड, छपाई, अक्षरं, परवानग्या यावर बोला. कुठे फसतं ते आधी सांगा.

छायाप्रकाश

काळ्या कापडापासून सुरुवात करा, पहिला घोळ तिथेच होतो.

पेपरातला ठरलेला फोटो डोळ्यापुढे आणा. पाठमोऱ्या तीन-चार काळ्या आकृत्या, मागे कमान नाहीतर मिनार. लांबच्या लेन्सनं, त्यांच्या नकळत, भर उन्हात काढलेला. २०० एमएमच्या लेन्सनं दूर उभं राहून काढलं की मागचं-पुढचं अंतर चपटं दिसतं आणि चार बायकांचा एक गठ्ठा होतो. फ्रेममध्ये उजळ आकाश असल्यानं कॅमेरा एक्स्पोजर खाली आणतो. चुण्या, शिवण, लेस सगळं गडप. उरतो डाग. 'सगळ्या सारख्याच' हे वाक्य तिथे तयार होतं.

स्टुडिओत उलटी चूक होते. फ्रेम काळ्या कापडानं भरली की मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग, तिला १८ टक्के राखाडी समजून उजळवतो. काळं कापड साधारण ४-५ टक्के प्रकाश परत फेकतं, म्हणजे दोन स्टॉपचा, चौपट प्रकाशाचा फरक. कापड धुरकट येतं, हात नि चेहरा जळतो. मग संगणकावर कोणीतरी काळ्याचा स्लायडर ओढतो आणि फिरून तोच डाग.

रॉ (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेली) फाइल, मॅन्युअल मोड. स्पॉट मीटर कापडावर धरा आणि येईल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी ठेवा. अडीच स्टॉपपेक्षा जास्त कमी केलंत तर पोत हातचा जातो. हात किंवा चेहरा दिसत असेल तर त्याचं वेगळं रीडिंग घेऊन तो जळत नाही ना ते बघा.

प्रकाश समोरून मारू नका. काळं कापड स्वतःचा रंग फारसा दाखवत नाही, भोवती जे उजळ असेल त्याची झाक दाखवतं. दिवा बाजूला, किंचित मागे. दुसऱ्या बाजूला चार बाय तीन फुटांचा पांढरा थर्माकोल, कापडापासून दोन-अडीच फुटांवर. प्रत्येक चुणीच्या कडेवर बारीक उजळ रेघ उमटते आणि कापडाला घडण येते. पार्श्वभूमी पांढरी नको, कात्रण चिकटवल्यासारखं दिसतं. काळी तर नकोच, नुसते डोळे हवेत तरंगतात. विटकरी, शेवाळी किंवा मधला राखाडी घ्या, माणसापासून सहा फूट मागे.

नकाब असला की कॅमेऱ्याची चेहरा ओळखायची सोय बावचळते. एकच फोकस बिंदू, जवळच्या डोळ्यावर. कपाळावरच्या कापडाची सावली डोळ्यांत पडते, त्यासाठी छातीच्या उंचीला छोटा रिफ्लेक्टर धरला की बुबुळात चमक येते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. वरून काढला की ती आपोआप 'बिचारी' होते.

आणि हो, काळं पॉलिएस्टर कधीकधी फोटोत तपकिरी-जांभळं येतं. कृत्रिम धागा अवरक्त किरण परत फेकतो आणि सेन्सरपुढचा फिल्टर कमजोर असला तर ते नोंदले जातात. लाइका एम८ (२००६) याच दोषासाठी बदनाम झाला. हॅलोजन दिव्याखाली हा त्रास जास्त, एलईडीखाली जवळजवळ नाही.

शंकेखोर_पुणेकर

म्हणजे पूर्वग्रह मीटरमध्ये असतो म्हणायचं? बरंय. आमची सुटका झाली.

छायाप्रकाश

मीटर बिचारा राखाडी शोधतो. पाठमोरा फोटो निवडून पान एकवर लावणारा कोण, ते तुम्ही ठरवा.

सुईदोरा

कापडाबद्दल. 'बुरखा द्या' म्हणून दुकानात जाऊ नका, काय हवंय ते नावानं सांगा. अबाया म्हणजे अंगावरचा लांब झगा. हिजाब किंवा स्कार्फ डोक्याला. नकाब चेहऱ्याला, डोळे उघडे. डोक्यापासून पायापर्यंत एकाच कापडाचा, डोळ्यांपुढे जाळी असलेला, ज्याला 'शटलकॉक' म्हणतात, तो पुण्यातल्या रस्त्यावर तुम्हाला जवळपास दिसणार नाही. पण व्यंगचित्रात आणि नाटकात हटकून तोच असतो! तो भाड्यानं आणून इथल्या बाईला घालणं ही थेट चूक आहे.

बोहरा बायकांचा रिदा तर काळा नसतोच. फिका गुलाबी, पिस्ता, आकाशी. कडेला लेस, भरतकाम. दोन भाग : वरचा डोक्यावरून कमरेच्या खालीपर्यंत, आणि घागरा. वरच्या भागाला पुढे एक झडप असते, ती मागे टाकता येते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत खिळे-स्क्रू घ्यायला गेलेल्या माणसानं रिदा शंभरदा पाहिलेला असतो, पण त्याला 'पडद्यातल्या बाईचं चित्र काढ' म्हटलं की काळाच पडदा काढेल.

काळ्यातही प्रकार आहेत. निदा : पॉलिएस्टर, मऊ, जड लोंबतं, हलकी झळाळी. क्रेप : दाणेदार, झळाळी कमी, फोटोला सोपं. जॉर्जेट आणि शिफॉन नकाबाला. एक पदर पारदर्शक, दोन पदर झाले की नाही. चेन, पुढून बटणं, बाहीला इलॅस्टिक, कफावर खडे, हे सगळं प्रत्येकीचं वेगळं. बाही जवळून काढा. मनगटाशी इलॅस्टिक आहे की बटण, यावरून ती बाई कणीक मळताना बाही वर सारते की नाही ते कळतं. 'सगळ्या सारख्याच'ला उत्तर तिथे आहे, तत्त्वज्ञानात नाही.

इस्त्री थेट ठेवली की पॉलिएस्टरवर चकाकीचा डाग पडतो आणि तो परत जात नाही. वाफेची इस्त्री, नाहीतर मध्ये ओलसर सुती फडकं. चित्रीकरणाआधी चिकट रोलर फिरवा. डोळ्याला न दिसणारी एकेक लव २४ बाय ३६ इंचांच्या प्रिंटवर तांदळाएवढी दिसते.

नुक्ता

आता अक्षरं. इथे भले भले घसरलेत.

इराणी कलाकार शिरीन नेशात यांची 'विमेन ऑफ अल्लाह' मालिका (१९९३ ते ९७) : कृष्णधवल छायाचित्रं, चादर म्हणजे इराणी बायकांचं अंगभर पांघरूण घेतलेली बाई, आणि प्रिंटवर शाईनं हातानं लिहिलेल्या फारसी ओळी. त्यातल्या बऱ्याच ओळी इराणी कवयित्री फरूग फरूखजाद यांच्या कवितेतल्या. फारसी न येणाऱ्या प्रेक्षकानं काय केलं? वळणदार अक्षरं दिसली की कुराणच, असं गृहीत धरलं. कविता वाचलीच गेली नाही. वर काही चित्रांत बंदूक. त्यामुळे या मालिकेवर 'तुम्ही पश्चिमेला हवं तेच दिलंत' अशी टीका झाली आणि ती सगळीच चुकीची नाही.

मोरोक्कोत जन्मलेल्या छायाचित्रकार लल्ला एसायदी यांनी वेगळी वाट धरली. कपडे, भिंती, त्वचा, सगळीकडे मेंदीनं लिहिलं. सुलेखन पुरुषांचं, मेंदी बायकांची, ही परंपरेतली वाटणीच त्यांनी मोडली. मजकूर मुद्दाम वाचता न येण्याजोगा ठेवला. तुम्हाला तसं करायचं असेल तर एक गोष्ट : मेंदीचा रंग त्वचा, रेशीम, लोकर यांवर चढतो, सुती कापडावर फिका, पॉलिएस्टरवर जवळजवळ नाहीच. निदावर कोननं लिहाल आणि वाळल्यावर सगळं पापडी होऊन खाली पडेल.

न वाचता अक्षरं मिरवली की काय होतं याचा कळस २०१५ मध्ये झाला. 'होमलँड' या अमेरिकी मालिकेनं बर्लिनमध्ये सीरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट लावला आणि भिंतींवर अरबी लिहायला तीन कलाकारांना बोलावलं. त्यांनी 'होमलँड वंशवादी आहे' असं लिहून ठेवलं. कोणी वाचलं नाही, तसंच प्रसारित झालं.

आता व्यवहार. उर्दू मजकूर संगणकावर नस्तालीकमध्ये, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या तिरक्या वळणात, करणार असाल तर इनपेज हे सॉफ्टवेअर, किंवा युनिकोडमध्ये जमील नूरी नस्तालीक, नोटो नस्तालीक हे फाँट. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मध्यपूर्वेतल्या लिप्यांचं टेक्स्ट इंजिन चालू केलं नाही तर अक्षरं सुटी पडतात आणि डावीकडून उजवीकडे जातात. शब्द उलटा, तुटका. वाचता न येणाऱ्याला ते 'सुंदर' दिसतं, येणाऱ्याला हसू येतं. छापखान्याला देताना फाँट पाठवू नका, अक्षरांची आउटलाइन (चित्ररूप आकार) करून पीडीएफ द्या. नस्तालीक तिरकी उतरत जाते, ओळींमधलं अंतर देवनागरीपेक्षा बरंच जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते (अक्षरांचे ठिपके) खालच्या शब्दाला जाऊन चिकटतात.

हातानं लिहायचं तर बोरू तिरका कापून घ्या. माप नुक्त्यात मोजतात : बोरूच्या टोकानं काढलेला एक चौकोनी ठिपका म्हणजे एक नुक्ता, नस्तालीकचा अलिफ (उभ्या रेघेचं पहिलं अक्षर) साधारण तीन नुक्त्यांचा. आधी पारदर्शक शीटवर लिहून प्रिंटवर ठेवून बघा. मॅट इंकजेट कागदावर टोकदार निब लेप खरवडते आणि शाई फुटते. तिथे पिगमेंटची अ‍ॅक्रिलिक शाई आणि ब्रश. पोस्टर कलर वाळला की तडकतो. प्रिंट झाल्यावर किमान एक दिवस थांबा.

कुराणातल्या आयता (वचनं) लिहू नका. श्रद्धेचा भाग आहेच, पण कलेच्या दृष्टीनंही ते आळशी उत्तर आहे. आणि उर्दूच का? पुण्यातल्या कितीतरी मुस्लीम घरांत दखनी आणि मराठी बोलतात. कोकणी मुसलमानांच्या घरात तर कोकणी बोलीच असते. बाईच्या अंगाखांद्यावर देवनागरीत 'दूध उतू जाईल, गॅस बंद कर' असं लिहिलंत तर प्रेक्षक आधी वाचेल, मग बघेल. क्रम बदलला की निम्मं काम झालं.

रंगारी_कसबा

शेवटची ओळ लिहून ठेवली. मेंदीचा बेत रद्द.

शंकेखोर_पुणेकर

एक भाबडी सूचना. पुण्यात दुपारी कुठल्याही सिग्नलला उभे राहा. स्कुटीवरच्या मुली : दोन मीटरचा स्कार्फ डोक्यावरून, नाकावरून, मागे गाठ, गॉगल, कोपराच्या वर जाणारे हातमोजे, सनकोट. डोळेसुद्धा दिसत नाहीत. तिला कोणी 'तुझ्यावर कोणी सक्ती केली?' असं विचारत नाही. हे दोन फोटो शेजारी शेजारी लावा की.

छायाप्रकाश

लावा, पण मग शिस्त पाळा. तीच लेन्स (८५ एमएम), तेच अंतर, तोच प्रकाश, तीच भिंत, दोघींची नजर कॅमेऱ्यात. एकीला हसरी आणि दुसरीला गंभीर निवडलंत की खेळ संपला. नावाची पट्टी नको. गाडीही नको, गाडीवरून लगेच ओळखू येतं. कापडाचा रंग जुळवू नका. स्कार्फ बहुधा फुलाफुलांचा असतो, तो तसाच राहू दे.

जुनी_पेठ

ही बरोबरी अर्धवट आहे. स्कार्फ घरी पोचल्यावर सुटतो आणि उद्या नाही बांधला तर कोणी जाब विचारत नाही. नकाबाचं सगळ्यांच्या बाबतीत तसं नाही. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लीम बायकांचा मोर्चा नेला होता, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. त्यांचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं ते १९७० साली, याच पुण्यात. त्या गावात प्रदर्शन करून तुम्ही सक्तीबद्दल अवाक्षर काढणार नसाल तर तो गोड गैरसमज होईल. एका ठोकळ्याच्या जागी दुसरा ठोकळा : आधी 'बिचारी', आता 'सबला'.

नुक्ता

मान्य. पण दलवाईंचा झगडा कायद्याशी आणि धर्मसत्तेशी होता, सिग्नलला उभ्या असलेल्या बाईकडे रोखून बघणाऱ्याला त्यांनी परवाना दिला नव्हता. दोन्ही प्रश्न एका भिंतीवर मावतात. एकीला घ्यायचा आहे, एकीला टाकायचा आहे, एकीला या विषयावर बोलायचंच नाही. तिघींचे फोटो असू देत. तिसरी सहसा वगळली जाते.

भारतीय कलाकार रुमाना हुसेन (१९५२ ते १९९९) यांचं १९९८ मधलं 'इज इट व्हॉट यू थिंक?' हे सादरीकरण बघा. मुस्लीम बाईबद्दल प्रश्नामागून प्रश्न वाचत जायचं आणि उत्तर द्यायचं नाही. खर्च शून्य, आणि प्रेक्षकाला स्वतःची उत्तरं स्वतःलाच ऐकू येतात.

संग्रहालयवाला

'बुरख्यासह' आणि 'बुरख्याविना' अशी जोडी लावायचा मोह प्रत्येकाला होतो. त्याआधी हे वाचा.

१९६० मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्करात असलेल्या मार्क गारांजेला गावकऱ्यांच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढायचा हुकूम मिळाला. बायकांना पडदा उतरवायला लावला. दहा दिवसांत सुमारे २००० फोटो. त्या चित्रांतली नजर एकदा पाहिली की विसरत नाही; तोंडं मिटलेली आणि डोळे लेन्समध्ये रुतलेले. पडदा काढणं म्हणजे मुक्ती, हे समीकरण तिथे उलटंपालटं होतं. आपल्याकडे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तो एका इंग्रज बाईकडे सोपवला. फोटो कोणी, कुठे, कोणासमोर काढायचा हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे.

दुसरा धोका मालिकेतल्या क्रमाचा. येमेनच्या छायाचित्रकार बुशरा अल्मुतवकिल यांची आई, मुलगी आणि बाहुलीची नऊ छायाचित्रांची मालिका : रंगीत हिजाब आणि हसू, मग हळूहळू काळं वाढत जातं, हसू जातं, शेवटच्या चौकटीत कोणीच नाही. टोकाच्या आग्रहावर बोट ठेवणारं काम, हिजाबवर नव्हे. पण इंटरनेटवर ते 'बघा, हिजाब म्हणजे नाहीसं होणं' म्हणून फिरलं. क्रमवार मालिकेतली चित्रं सुटी फिरवली जाणार हे धरूनच चला. प्रत्येक चित्र एकटं उभं राहतं का ते तपासा.

विनोद घाबरत घाबरत वापरला जातो, तेही नको. इराणी छायाचित्रकार शादी घादिरियान यांच्या 'लाइक एव्हरी डे' (२०००-०१) मध्ये फुलाफुलांच्या चादरीत चेहऱ्याच्या जागी इस्त्री, झाडू, कप. टीका पडद्यावर आहे की घरकामावर? बघणारा घरी जाऊन पोळपाटाकडे बघेल, एवढं नक्की.

खिडकीतली_मैना

ज्यांचे फोटो काढणार त्यांच्याबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून.

संमतीपत्र मराठी, हिंदी, उर्दू तिन्हींत. त्यात वेगवेगळ्या चौकटी : प्रदर्शन, छापील पुस्तिका, वर्तमानपत्र, इन्स्टाग्राम. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणता आलं पाहिजे. माघार घ्यायची शेवटची तारीख लिहा, ती प्रिंट द्यायच्या आदल्या दिवसाची ठेवा. सही घरातल्या पुरुषाची नको, तिची.

नकाब घेणाऱ्या बाईच्या चित्रीकरणाला खोलीत फक्त बायका, दिवे धरणारीसुद्धा. मधे नकाब सारखा करताना चेहरा टिपला गेला तर ती फाइल तिच्यासमोर कार्डावरून पुसा. संगणकाला जोडून काढत असाल तर तिथूनही. चेहरा झाकला म्हणजे ओळख लपली असं नसतं. अंगठी, बांगड्या, गाडीचा नंबर, गल्लीतलं फाटक, मागचा दुकानाचा फलक, यातून शेजारीण दोन मिनिटांत ओळखते. ऑनलाइन टाकण्याआधी फाइलमधली जागेची माहिती काढून टाका.

ध्वनी : 'गप्प'ला उत्तर आवाजानंच द्यायचं. कॉलरचा माइक कापडाखाली लावलात की खरखर येते, पॉलिएस्टर फारच आवाज करतं. रेकॉर्डर तोंडापासून आठ-दहा इंचांवर, किंचित बाजूला. पंखा बंद, फ्रिज बंद. एकेक तुकडा ६० ते ९० सेकंदांचा, त्यापुढे माणूस उभा राहत नाही. प्रश्न 'बुरखा का घालता?' नको. रेशन, शिकवणी, गुडघेदुखी, पीएमपीची वाट, काहीही विचारा. दालन घुमत असेल तर स्पीकर नको, हेडफोन.

कायद्याचं एक वाक्य : भारतीय न्याय संहितेतलं कलम १९६ आणि २९९, म्हणजे जुनी १५३अ आणि २९५अ, भिंतीवरचा मजकूर अंतिम करण्याआधी वकिलाकडून त्या नजरेनं वाचून घ्या.

छायाप्रकाश

छपाई राहिली. मॅट कागदाचा काळा उथळ, बरायटाचा (बेरियमचा लेप दिलेल्या कागदाचा) खोल. आधी एक पट्टी छापा : ०, ५, १०, १५, २०, २५, ३० अशा मूल्यांचे चौकोन (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पांढरा). कोणते दोन चौकोन एकमेकांत मिसळतात ते बघा. मॅटवर बहुधा १५ पर्यंतचं सगळं एक होतं. कापडाचा पोत त्या आकड्याच्या वर उचलून मगच फाइल द्या. पडद्यावर दिसणारा पोत प्रिंटमध्ये नाही, ही तक्रार शंभरातल्या नव्वदांची.

६००० बाय ४००० पिक्सेलच्या फाइलमधून २५० डीपीआयला (दर इंचाला २५० ठिपके) २४ बाय १६ इंच निघतं. ३६ इंच रुंदी हवी असेल तर १६६ डीपीआय. दीड मीटरवरून बघायला चालतं. साधी काच लावू नका. काळ्या चित्रावर काच म्हणजे आरसा, बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. मुद्दाम एकाच फ्रेमला काच लावलीत तर मात्र ती युक्ती होईल. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी. खिळे ठोकू देतात की वरच्या पट्टीतून तारा सोडायच्या, हे बुकिंगआधी विचारा. पावसाळ्यात कागद फुगतो, जुलै-ऑगस्ट टाळा.

रंगारी_कसबा

सगळ्यांचे आभार, वही भरली. शीर्षकावर अडलोय. 'पडद्याआड', 'नकाबामागचे चेहरे' अशी नावं गटात आलीत.

नुक्ता

'आड' आणि 'मागे' दोन्ही नको. नावच सांगतं की मागे काहीतरी दडलंय, या, डोकावा. सगळी मेहनत दारातच पाण्यात.

शंकेखोर_पुणेकर

मग कापडाचं मापच द्या. 'साडेतीन मीटर'. एका अबायाला तेवढंच लागतं ना?

सुईदोरा

पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ५८ इंच असेल तर, स्कार्फ धरून. ४४ चा घेतलात तर पाच लागतं. पत्रिका छापायच्या आधी कापड ठरवा.